एलईडीची भिंत सगळ्यात शेवटी: कोकणात व्हर्च्युअल प्रॉडक्शन शिकणाऱ्यांसाठी

व्हर्च्युअल प्रॉडक्शन शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असतं: अर्धगोल एलईडीची प्रचंड भिंत, तिच्यावर कुठल्यातरी परक्या ग्रहावरचा सूर्यास्त आणि समोर उभा असलेला नट. अशा भिंती आहेत, पण शिकण्याच्या वाटेवर त्या सगळ्यात शेवटी येतात. आधी भिंत भाड्याने आणायची आणि मग तिच्यावर काय दाखवायचं ते ठरवायचं, असा उलटा क्रम लावला तर पहिल्याच दिवशी पैसे संपतात आणि हातात धड एक शॉट लागत नाही. हा लेख रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यातल्या अशा मंडळींसाठी आहे, ज्यांनी लघुपट, जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ असं काहीतरी केलेलं आहे, पण या तंत्राला अजून हात लावलेला नाही. लेन्स, शटर, व्हाइट बॅलन्स हे शब्द तुम्हाला ओळखीचे आहेत असं धरून लिहितोय.

तंत्र म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. नटाच्या मागे पडद्यावर तयार दृश्य दाखवायचं आणि नट व दृश्य दोन्ही एकाच वेळी कॅमेऱ्यात टिपायचं. ही कल्पना जुनी आहे. जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांत गाडीच्या काचेमागे पळणारा रस्ता दिसतो, ते बॅक प्रोजेक्शन. हॉलिवूडमध्ये ते १९३०च्या दशकात सर्रास वापरलं जात होतं. आता त्यात दोन गोष्टींची भर पडली आहे. एक, एलईडीचा पडदा स्वतः उजेड देतो, त्यामुळे मागच्या संध्याकाळचा रंग नटाच्या गालावर, भिजलेल्या लाकडावर, डोळ्यांच्या बाहुलीत खरोखर उतरतो. हिरव्या पडद्याला हे जमत नाही. दोन, मागचं दृश्य गेम इंजिनमधून (कॉम्प्युटर गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधून) त्याच क्षणी तयार होत असेल, तर कॅमेरा सरकला की दृश्याचा कोनही बदलतो. पहिली गोष्ट स्वस्तात शिकता येते, दुसरी महाग आणि किचकट आहे. म्हणून आपण पहिलीपासून सुरुवात करणार आहोत.

कोकणाला हे तंत्र विशेष उपयोगाचं का, याचं उत्तर आपल्या कॅलेंडरातच आहे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि बाहेरचं शूटिंग थांबतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्याही बंद असतात. नेमक्या त्याच काळात चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त संपतात आणि गावोगावची मंगल कार्यालयं रिकामी पडतात. म्हणजे ऑक्टोबर ते मे बाहेर हिंडून दृश्यं गोळा करायची आणि पावसात छपराखाली चित्रित करायची, असं वर्ष आखता येतं. फक्त गणपतीचे दिवस मोकळे सोडा. त्या दिवसांत एलईडीवाला मिळणार नाही, सुतार मिळणार नाही, आणि नटाच्या घरी गणपती असेल तर नटही मिळणार नाही.

एकच प्रसंग निवडा

शिकताना आख्खी फिल्म डोक्यात घेऊ नका, एक प्रसंग घ्या. मी इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, तिन्हीसांजेला नांगरलेल्या होडीत आई आणि मुलगा बसलेत. मुलगा मुंबईला निघालाय. तीन-चार मिनिटांचं बोलणं.

हा प्रसंग प्रत्यक्ष जागेवर करायचा झाला तर सूर्य बुडाल्यावर वीस-बावीस मिनिटांत उजेड संपतो. आईचा क्लोजअप होईपर्यंत मुलाच्या क्लोजअपची वेळ टळलेली असते. दुसऱ्या दिवशी आभाळ वेगळं. भिंतीवर तीच संध्याकाळ दिवसभर थांबवून ठेवता येते, म्हणून हा प्रसंग या तंत्राला योग्य आहे.

आता अयोग्य काय, तेही ऐका. रापण ओढणारी चाळीस माणसं, किनाऱ्यावरून धावणारी पोरं, सड्यावरून दिसणारा लांबलचक किनारा, हे सगळं खऱ्या जागेवरच करा. आपल्याला ती जागा एसटीच्या तिकिटात मिळते. मुंबईच्या निर्मात्याला ती तशी मिळत नाही, म्हणून तो भिंतीवर समुद्र दाखवतो. आपण समुद्र टाकून भिंतीकडे पळायचं कारण नाही. बसून होणारं बोलणं, मध्यम आणि जवळचे शॉट, झपाट्याने संपणारा उजेड, धोक्याचं पाणी: अशाच ठिकाणी भिंत पैसे वसूल करते.

पहिली पायरी: कॉम्प्युटरवरचं मंगल कार्यालय

अनरियल इंजिन हे गेम इंजिन उतरवून घ्या. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना ते मोफत आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. मॉडेल करायला ब्लेंडर, रंगसंगतीला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. कॉम्प्युटरला एनव्हिडियाचं आरटीएक्स मालिकेतलं ग्राफिक्स कार्ड हवं, निदान ८ जीबी मेमरीचं. रॅम ३२ जीबी असेल तर काम सुरळीत चालतं. गावात कोणी गेमिंगचा पीसी घेतला असेल तर त्याच्याशी दोस्ती करा.

मग टेप घेऊन ज्या कार्यालयात शूटिंग करायचं आहे तिथे जा. लांबी, रुंदी, छताची उंची, खांब कुठे आहेत, दार किती रुंद आहे, विजेचा बोर्ड कुठे आहे, सगळं मोजा. ती मापं घेऊन अनरियलमध्ये तोच हॉल उभा करा. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, त्यामुळे गोंधळ होत नाही. त्यात भिंतीच्या मापाचा एक चौकोन ठेवा, होडीच्या मापाचा एक ठोकळा ठेवा, माणसांच्या उंचीचे दोन पुतळे ठेवा. आणि सिने कॅमेरा ॲक्टर नावाचा कॅमेरा आणून त्याला तुमच्या खऱ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचं माप आणि तुमच्याकडे असलेल्या लेन्सा द्या.

याला प्रीव्हिज म्हणतात, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचा अर्धा भाग इथेच आहे. नेहमीच्या शूटिंगमध्ये मागे काय दिसणार हे सेटवर गेल्यावर ठरवता येतं. इथे ते आठवडाभर आधी ठरलेलं लागतं, कारण मागचं दृश्य कोणीतरी बनवून किंवा चित्रित करून आणायचं असतं. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि कलादिग्दर्शक या तिघांनी एकाच स्क्रीनसमोर बसून ‘हा शॉट इथून, ही लेन्स, मागे एवढं दिसेल’ असं शॉटगणिक ठरवलं पाहिजे. नवख्या गटांना हे बसून करायचं काम कंटाळवाणं वाटतं. पण ज्या गटाने ते केलं, त्यांचं शूटिंग शांतपणे होताना मी पाहिलंय.

आयफोन किंवा आयपॅड असेल तर अनरियल व्हीकॅम हे ॲप घ्या. फोन हातात धरून चालायला लागलं की आभासी हॉलमधला कॅमेराही तसाच चालतो. कॅमेरामनला ही पायरी एका संध्याकाळीत समजते.

एक सूत्र पाठ करा

भिंत केवढी लागेल हे अंदाजपंचे ठरवू नका. कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढी रुंदी कॅमेऱ्याला दिसते.

सुपर ३५ सेन्सर घ्या, रुंदी साधारण २४.९ मिलिमीटर. कॅमेरा भिंतीपासून ६ मीटरवर. ५० मिलिमीटरच्या लेन्समधून भिंतीचा जवळपास ३ मीटर भाग दिसेल. ३५च्या लेन्समधून सव्वाचार मीटरच्या आसपास. २४च्या लेन्समधून सव्वासहा मीटर. म्हणजे ५ मीटर रुंद भिंत आणली तर ५० आणि ३५ आरामात चालतील, २४ लावली की भिंतीच्या कडा आणि कार्यालयाचा पडदा फ्रेममध्ये येईल. हा हिशेब शॉटच्या यादीसमोर लिहून ठेवा. वाइड शॉट हवाच असेल तर तो देवबागला जाऊन करा.

दुसरी पायरी: प्लेट

मागे दाखवायच्या व्हिडिओला प्लेट म्हणतात. नवशिक्यांनी थ्रीडी दृश्य बनवण्याच्या आधी प्लेट चित्रित करायला शिकावं. खरा समुद्र खराच दिसतो, आणि कॅमेरा स्थिर किंवा अगदी हळू हलणारा असेल तर पुढचं काही लागत नाही. या पायरीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे झालेली चूक पुढे कुठल्याच सॉफ्टवेअरने भरून निघत नाही.

दिवस निवडताना तिथी बघा. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचा ठोकताळा ठाऊक असतो: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला, मग ती शुद्ध असो की वद्य, संध्याकाळी सहाच्या सुमारास खाडी भरलेली मिळते. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येऊन जाते आणि सूर्यास्ताला ओहोटी असते, चिखल उघडा पडलेला असतो. होडीवाल्या काकांना विचारलंत तर ते पंचांग न बघता सांगतील, ‘‘अष्टमीक ये, सांजेक खाडी भरलेली गावतली.’’ अष्टमीचं पाणी भांगाचं, त्यामुळे उधाणाएवढं चढणार नाही, पण ते संथ असतं आणि आपल्या प्रसंगाला तेच हवं आहे. हा नुसता अदमास आहे; जागेप्रमाणे पुढेमागे होतं, तेव्हा मिनिटांसाठी भरतीचं कोष्टक पाहा.

महिनाही विचारपूर्वक निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ धुतलेलं असतं आणि काठावर हिरवं टिकून असतं. मार्चनंतर सडे वाळून पिवळे-तपकिरी होतात, क्षितिजावर धुरकट थर येतो. सूर्याची जागाही बदलते. डिसेंबरात आपल्याकडे तो ठीक पश्चिमेपेक्षा साधारण २४ अंश दक्षिणेकडे मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. पटकथेत सूर्य कुठल्या काठामागे बुडतो हे महत्त्वाचं असेल तर आधीच जाऊन पाहून या.

लेन्स कोणती? वरचंच सूत्र उलटं वापरा. भिंत ५ मीटर रुंद, सेटवर कॅमेरा ६ मीटरवर. प्लेटने आख्खी भिंत भरायची आणि अंतरांचं प्रमाण नैसर्गिक दिसायचं, तर ६ गुणिले २४.९ भागिले ५, म्हणजे ३० मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने प्लेट घ्यायला हवी. २८ किंवा ३२ चालेल. इथे नवखे लोक हमखास १०० किंवा २००ची लेन्स लावतात, कारण सूर्य मोठा आणि देखणा दिसतो. मग सेटवर आईच्या डोक्यामागे परातीएवढा सूर्य येतो आणि बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

आता क्षितिज. कॅमेरा पातळीत धरला तर क्षितिजाची रेघ नेहमी लेन्सच्या उंचीवर येते. होडीत बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून मीटरभर वर असते, तर प्लेटचा कॅमेराही पाण्यापासून तेवढ्याच उंचीवर हवा. उंच धक्क्यावर उभं राहून घेतलेली प्लेट होडीतल्या प्रसंगाला चालत नाही. पाणी वरून बघितल्यासारखं दिसतं. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवटच्या कोरड्या पायरीवर ट्रायपॉड लावा. हलत्या होडीतून प्लेट घेऊ नका, डुलणं आपण सेटवर आणणार आहोत. आणि सेटवर भिंतीवरची क्षितिजाची रेघ जमिनीपासून लेन्स जितकी उंच तितकीच उंच ठेवा. लेन्स सव्वा मीटरवर असेल तर क्षितिज सव्वा मीटरवर. पाच सेंटिमीटरची चूकसुद्धा जाणवते.

बाकीच्या गोष्टी झरझर सांगतो. फोकस अनंताकडे, ॲपर्चर एफ ८च्या आसपास, सगळं स्पष्ट. धूसरपणा सेटवर आपोआप येईल. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्व्हिनला बांधून टाका, ऑटो काहीही ठेवू नका. फ्रेम रेट फिल्मचाच, समजा २५. कॅमेऱ्यात लॉग (नंतर रंगवायला सोपं असं फिकट चित्रण) असेल तर लॉगमध्ये, १० बिट. एक टेक दहा मिनिटांपेक्षा कमी नको. उजेड उतरत जातो, तो नंतर रिझॉल्व्हमध्ये कीफ्रेम लावून सपाट करता येतो. सूर्य क्षितिजाकडे उतरत असताना एक, बुडाल्यावर लगेच एक, निळाई उतरल्यावर एक, अशा तीन अवस्था घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कॅमेरा वळवून उलट्या बाजूचा काठही घ्या, कारण मुलाच्या क्लोजअपमागे समुद्र नसून नदीपलीकडच्या भोगवेकडचे माड दिसणार आहेत. प्रत्येक प्लेटची नोंद वहीत: लेन्स, उंची, तिरपेपणा, होकायंत्राची दिशा, वेळ, तिथी, आयएसओ.

परवानगीचं काम आधी उरका. जेटी आणि धक्क्यांसाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड, केंद्र-संरक्षित किल्ल्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, गावात ग्रामपंचायत. ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोन नियम २०२१ वाचा आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा. किनाऱ्यावर संवेदनशील ठिकाणं बरीच आहेत.

तिसरी पायरी: जांभा, गडगा, पडवी फोनमध्ये

प्लेट सपाट असते. कॅमेरा आडवा सरकवायचा असेल तर मागे खोली असलेलं थ्रीडी दृश्य लागतं, आणि ते बनवायचा सोपा रस्ता फोटोग्रामेट्री. एखाद्या गडग्याचे चारी बाजूंनी, वरून-खालून शंभर-दीडशे फोटो काढायचे, प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर सत्तर-ऐंशी टक्के चढलेला असला पाहिजे, आणि रिअ‍ॅलिटीस्कॅनसारख्या सॉफ्टवेअरला द्यायचे. ते त्यातून थ्रीडी आकार उभा करतं.

जांभ्याचा दगड या कामासाठी फार गुणाचा. त्याच्यावर इतकी छिद्रं, इतके डाग असतात की सॉफ्टवेअरला पकडायला जागोजाग खुणा सापडतात. ऊन मात्र नको. ढगाळ दिवस, कोरडा दगड. पावसाची उघडीप मिळाली आणि दगड सुकले की लगेच बाहेर पडा. सावल्या नसलेला तो सारखा उजेड इतर दिवसांत मिळत नाही. ओला दगड, पाणी, काच, नवीन पत्रा आणि वाऱ्याने हलणारी पानं यांवर वेळ घालवू नका, आकार फाटका येतो.

झाडं तयार लायब्ररीतून घ्यावी लागतात. अनरियल बनवणाऱ्या एपिकच्या फॅब या ऑनलाइन बाजारात खूप आहेत, पण त्यांतली बरीच थंड प्रदेशातली आहेत. माडाच्या नावाखाली समुद्रकिनाऱ्याच्या पोस्टकार्डावरचं कुठलंही पाम मिळतं. आपला प्रेक्षक माड, पोफळ आणि काजू लांबून ओळखतो. एक माड ब्लेंडरमध्ये नीट बनवा, त्याच्या झावळ्यांचे फोटो स्वतः काढून लावा आणि तोच फिरवून-वाकवून वीस ठिकाणी वापरा. या कष्टांचं चीज होतं.

थ्रीडी दृश्य सेकंदाला २५ फ्रेम न अडखळता चाललं पाहिजे. एक फ्रेम अडकली तरी शॉट वाया. म्हणून उजेड शक्यतो आधीच बेक करा, म्हणजे मोजून दृश्यात पक्का करून ठेवा, न दिसणाऱ्या वस्तू काढून टाका.

चौथी पायरी: घरचा टीव्ही

भिंत भाड्याने आणण्याआधी ५५ इंची टीव्हीवर सराव करा. त्याची रुंदी सव्वा मीटरच्या जवळपास असते. समोर दीड-दोन मीटरवर मित्राला बसवा, ८५ची लेन्स लावा आणि क्लोजअप घ्या. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. या सरावात तीन गोष्टी शिकायला मिळतात: टीव्हीची प्रखरता आणि चेहऱ्यावरचा उजेड यांचा मेळ, पडद्यावर फोकस गेला की उमटणारी मोअरेची जाळी (पडद्याचे आणि सेन्सरचे ठिपके एकमेकांवर आल्याने दिसणाऱ्या रेघा), आणि खोलीतला दिवा पडद्यावर पडला की काळा रंग राखाडी होतो ही गोष्ट. एक आठवडा हे करा. खर्च शून्य.

पाचवी पायरी: भिंत आणणे

आपल्याकडे एलईडी भिंती क्रिकेटच्या स्पर्धांना, सभांना, लग्नांना येतात. त्या मैदानातल्या उन्हासाठी बनवलेल्या असतात. विचारताना ‘स्क्रीन आहे का’ एवढंच विचारू नका. पिच किती? म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर. मैदानी पॅनेल बहुधा ३.९ मिलिमीटरचं किंवा त्याहून जाड असतं. आपल्याला २.६ किंवा त्याहून बारीक, घरातल्या वापराचं हवं. ५० सेंटिमीटरच्या एका चौकोनी पॅनेलमध्ये २.६च्या पिचला १९२ ठिपके बसतात. म्हणजे रुंदीला दहा आणि उंचीला पाच पॅनेल घेतली तर ५ मीटर बाय अडीच मीटर भिंत होते आणि तिचं रिझोल्यूशन १९२० बाय ९६०, साध्या फुल एचडी जोडणीत मावणारं. शिकायला हे माप फार सोयीचं आहे. तेवढ्याच जागेत ३.९च्या पॅनेलमध्ये रुंदीला १२८० ठिपकेच मिळतात.

दुसरा प्रश्न, रिफ्रेश रेट, म्हणजे भिंत सेकंदाला किती वेळा नव्याने उजळते. ३८४० हर्ट्झ असेल तर उत्तम. १९२० असेल तर कॅमेऱ्यात आडव्या रेघा येण्याचा धोका वाढतो. तिसरा प्रश्न प्रखरतेचा. मैदानी पॅनेल इतकं प्रखर असतं की सेटवर ते दहा टक्क्यांवर आणावं लागतं, आणि तेवढं उतरवलं की गडद छटा कमी होतात. संध्याकाळच्या आभाळात मग पायऱ्या-पायऱ्या दिसायला लागतात. आपल्या प्रसंगात तर सगळं आभाळच आहे. म्हणून ठरवण्याआधी आपला कॅमेरा आणि आपली प्लेट घेऊन पुरवठादाराच्या गोदामात जा, चार पॅनेल लावून दाखवायला सांगा आणि रेकॉर्ड करून आणा. आभाळात थोडा ग्रेन घातला तर पायऱ्या बऱ्याच झाकल्या जातात.

वीज: अशा पॅनेलला कमाल प्रखरतेवर प्रति चौरस मीटर ५०० ते ७०० वॅट धरून चाला, नेमका आकडा पॅनेलच्या मागे लिहिलेला असतो. साडेबारा चौरस मीटरला सात-आठ किलोवॅट. पावसात लाइट जाणारच, तेव्हा जनरेटर हवाच, आणि तो हॉलपासून लांब, कारण आवाज.

आवाजावरून आठवलं. पत्र्याच्या छपराचं कार्यालय पावसाळ्यात घेऊ नका. सरीचा आवाज संवाद गिळून टाकतो. स्लॅबचा हॉल बघा. भिंत स्वतःही आवाज परतवते, त्यामुळे समोरच्या बाजूला गाद्या, चादरी, जाड पडदे लावा. मंगल कार्यालयात गाद्यांना तोटा नसतो.

दमट हवेचीही काळजी घ्या. बरेच दिवस पडून असलेली पॅनेल एकदम पूर्ण प्रखरतेवर लावू नका. आधी तासभर मंद चालवा, ओल निघून जाते. एसीच्या खोलीतून आणलेली लेन्स धुकाळते, ती अर्धा तास आधी हॉलमध्ये आणून ठेवा.

सहावी पायरी: शूटिंगचा दिवस

होडी भिंतीपासून ३ मीटरवर, कॅमेरा होडीपासून ३ मीटरवर. ५०ची लेन्स, ॲपर्चर एफ २.८, फोकस आईच्या डोळ्यांवर. ५० भागिले २.८ म्हणजे लेन्सचं भोक साधारण १८ मिलिमीटरचं; या अंतरांना भिंतीवरचा प्रत्येक ठिपका तेवढाच, १८ मिलिमीटर पसरलेला दिसतो. ठिपक्यांमधलं अंतर २.६, म्हणजे सातेक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मोअरेचा प्रश्न मिटतो. आई उठून भिंतीकडे गेली आणि फोकस तिच्यामागे गेला की जाळी उमटणार. तिला होडीतच बसवा.

फ्रेम रेट २५, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स आधी ठरवा आणि मग भिंतीचे रंग कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर बघून जुळवा. डोळ्यांनी भिंतीकडे बघून रंग ठरवू नका. डोळ्यांना आणि सेन्सरला भिंत वेगवेगळी दिसते. प्लेट चालवायला पुरवठादाराचा ऑपरेटर बहुधा रेझोल्यूम हे सॉफ्टवेअर वापरतो, त्यालाच सोबत घ्या. त्याच्या हाताला याची सवय असते.

नुसत्या भिंतीच्या उजेडावर चेहरा उजळू नका. एलईडीचा लाल-हिरवा-निळा उजेड त्वचेचा रंग नीट दाखवत नाही, सावळा चेहरा मातकट दिसतो. सूर्याच्या बाजूने एक चांगला फुल स्पेक्ट्रम दिवा केशरी करून लावा, आणि त्याचा एकही कवडसा भिंतीवर पडू देऊ नका. काळी कापडं टांगा.

सगळ्यात कठीण असतो तो जोड, म्हणजे खरी वस्तू संपते आणि भिंत सुरू होते ती रेघ. आपल्या प्रसंगात होडीची पलीकडची कड ती रेघ झाकते, म्हणूनच होडी निवडली. कड कॅमेऱ्याला भिंतीच्या खालच्या टोकापेक्षा वर दिसली पाहिजे. कडेवर जाळं टाका, एखादी टोपली ठेवा. होडीखाली ट्रकच्या टायरच्या ट्यूबा घाला आणि दोन पोरांना हळूहळू डुलवायला सांगा. कॅमेरा जमिनीवर स्थिर. जमिनीवर पाण्याच्या पराती ठेवून त्यांत आरशाचे तुकडे बुडवा, त्यांवर दिवा मारा आणि पाणी बोटाने हलवत राहा. आईच्या गालावर लाटेचा उजेड खेळू लागतो. ही जुनी युक्ती आहे आणि आजही इतकी परिणामकारक दुसरी मला माहीत नाही.

नटांना भिंतीची सवय लवकर होते, कारण त्यांना समोर काहीतरी दिसत असतं. आपल्याकडच्या दशावतारी कलाकारांना तर तेवढीही गरज पडत नाही. एका बाकड्याचं सिंहासन करून रात्र काढणारी ती माणसं आहेत. छोट्या भूमिकांसाठी त्यांना जरूर बोलवा.

सातवी पायरी: ट्रॅकिंग

इथपर्यंतचं दोन-तीनदा करून झालं की मगच कॅमेरा ट्रॅकिंगकडे वळा. कॅमेऱ्यावर सेन्सर बसवून त्याची जागा आणि दिशा अनरियलला कळवायची, आणि कॅमेऱ्याला दिसणारा भिंतीचा भाग त्याच्या कोनातून नव्याने काढायचा, एवढंच तत्त्व. त्या भागाला इनर फ्रस्टम म्हणतात. बाकीची भिंत फक्त उजेड आणि प्रतिबिंबं देते. एचटीसी व्हाइवचे ट्रॅकर सुरुवातीला परवडतात. चकचकीत फरशी, आरसे आणि स्टीलची भांडी त्यांना गोंधळात टाकतात, ती झाकून ठेवा.

दोन अडचणी नक्की येतील. कॅमेरा हलल्यावर दृश्य काही फ्रेम उशिरा हलतं, म्हणून झटकन पॅन करू नका, ट्रॉली सावकाश ओढा. आणि सेन्सर लेन्सच्या मध्याशी नसतो, वर किंवा बाजूला असतो. ते अंतर मोजून भरलं नाही तर पॅन करताना मागचे माड घसरल्यासारखे दिसतात. मोठ्या स्टुडिओत कॅमेरा, भिंत आणि कॉम्प्युटर यांना जेनलॉकने एका ठोक्यावर बांधतात. आपल्या कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर रेघा येत नाहीत असा शटर आणि प्रखरतेचा मेळ चाचणी घेऊन शोधावा लागतो.

मोठ्या भिंतीवर काम बघायचं असेल तर हैदराबादला अन्नपूर्णा स्टुडिओत क्यूब सिनेमाच्या साथीने उभारलेला मंच आहे. मुंबईत २०२५ साली सुरू झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या अभ्यासक्रमांवरही लक्ष ठेवा. तिथे जाताना स्वतःच्या प्लेटा, नोंदवही आणि कापलेला एक प्रसंग सोबत न्या. प्रश्न नेमके विचारता येतात.

दुसरा सराव म्हणून एसटीच्या खिडकीचा प्रसंग घ्या. त्यासाठी प्लेट कशेडी किंवा आंबा घाटात चालत्या गाडीतून घ्यायची: एक कॅमेरा डाव्या खिडकीतून काटकोनात बाहेर, दुसरा तिरका मागे, तिसरा समोरच्या काचेतून, तिन्ही एकाच वेळी सुरू. उंची एसटीत बसलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांची, म्हणून टेम्पोच्या हौद्यावर माऊंट करा. वेग ताशी ३०-४० आणि सारखा. शटर नेहमीचंच ठेवा. ते जलद केलं तर झाडं तुटक-तुटक पळताना दिसतात. सेटवर एसटीचं एक बाकडं, खिडकीची चौकट आणि काचेवर पाण्याचा फवारा एवढं पुरतं, आणि काचेवरचे थेंब फोकसमध्ये आल्यामुळे मागची भिंत आणखी धूसर होते, म्हणून या प्रसंगाला जाड पिचचं पॅनेलही चालून जातं.